बदलीचा रविवार

पुण्याहून निघताना माझ्या पाठपिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि पत्रकांचे तीन गठ्ठे. पत्रकाचं शीर्षक मीच लिहिलेलं: 'रविवार आमचा हक्क आहे, भीक नाही'. औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या ख्रिस्ती कामगारांना रविवारी सुट्टी मिळावी, म्हणून सह्या गोळा करायच्या असं आमच्या तरुणांच्या गटानं ठरवलं होतं. कोल्हापूर माझ्या वाट्याला आलं, कारण तिथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी सोमवारी असते असं कळलं होतं. म्हणजे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पवित्र पाळ ही चौथी आज्ञा पाळायची तर नोकरी सोडा, आणि नोकरी टिकवायची तर देवाला सोमवारी या म्हणून सांगा. मला याची चीड होती. अजूनही आहे. पण ती चीड घेऊन मी तिथे जे करून बसले ते आपल्या मंडळींना कळलं पाहिजे, म्हणून हे लिहिते.

बुधवारी दुपारी कराड मागे पडलं आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले. एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजूंनी लोंबणारी वाढी (उसाचे हिरवे शेंडे) आणि मागे तुंबलेल्या गाड्यांची रांग. आमची बस एका ट्रॉलीमागे बराच वेळ सरपटत होती. मी कंडक्टरला विचारलं, पोचायला किती वेळ लागेल. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पावणं, ते त्या उसाला इचारा." (कोल्हापुरात अनोळखी माणूस पाव्हणाच असतो, बाई असो की बाप्या.) मग शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेड दिसल्या, धुराडी दिसली आणि जळक्या वाळूचा वास बसमध्ये शिरला. मी मनात म्हटलं, हेच ते.

शाहूपुरीत एका लॉजवर उतरले. खाली मोटरपंप आणि बेअरिंगं विकणाऱ्या दुकानांची ओळ, कोपऱ्यावर लोणी डोशाची गाडी. गाडीवाल्याला मी पंधरा-वीस पत्रकं दिली, गिऱ्हाइकांना वाटा म्हटलं. त्यानं हातातलं उलथनं न थांबवता मान डोलावली. डोसा झकास होता, वर लोण्याचा गोळा आणि बटाट्याची पिवळी भाजी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच दोन वडे बांधून घेतले. पुडी उघडली तर वडे माझ्याच पत्रकात. 'हक्क' या शब्दावर तेलाचा डाग. जाब विचारायला गेले, तर तो म्हणाला, "वाटा म्हणला, वाटतोय की. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक जातंय."

गुरुवारी तीनच्या सुमाराला शिरोलीत एका फाउंड्रीच्या (लोखंड ओतायच्या कारखान्याच्या) फाटकासमोर उभी राहिले. पहिली पाळी सुटत होती. माणसं बाहेर येत होती ती काळ्या वाळूनं माखलेली, फक्त डोळे आणि दात माणसाचे. मी पत्रक पुढे करत होते. बरेचजण घेत होते, घडी घालून खिशात टाकत होते. दुसऱ्या पाळीला आत निघालेला एकजण मात्र थांबला. चाळिशीचा, रुंद बांध्याचा, कपाळावर गुलालाचं बोट. त्यानं पत्रक उभ्याउभ्या सगळं वाचलं.

"रविवार तुमचा?" तो म्हणाला. "रविवार जोतिबाचा हाय की. आमचं काय मग?"

मी म्हटलं, तुमचीही मागणी करा, आमचा विरोध नाही.

"तुमचा इरोध न्हाय, ही मेहरबानी झाली." तो हसला आणि मागे वळून ओरडला, "शमुवेल, ए शमुवेल, तुझ्या देवाघरची पावणी आल्यात बघ."

हा मारुतीअण्णा. आणि ज्याला हाक मारली ते शमुवेलकाका, पन्नाशीचे, वाळकुडे, दोन्ही कोपरांपासून मनगटापर्यंत जुन्या भाजल्याचे तिळाएवढे ठिपके. त्यांनी हात पुसून, आपल्या लोकांत करतात तसा, "सलाम" केला, कुठल्या मंडळीची (म्हणजे चर्चची) म्हणून विचारलं आणि पत्रकाकडे न बघता म्हणाले, "भाकरी खायाला चला. कागद पोट भरल्यावर वाचू."

त्यांचं घर शिरोलीच्या मागच्या अंगाला एका वस्तीत होतं. दोन खोल्या, दारात शेवगा. मार्थाकाकूंनी मला बघताच तव्यावर आणखी एक भाकरी टाकली. "मी सकाळीच वांगी आणलो, बरं झालं," त्या म्हणाल्या. (इकडे बायकाही 'आणलो', 'गेलो' म्हणतात. ऐकायला फार बरं वाटतं.) भाकरी, भरलं वांगं, मिरचीचा खर्डा. खर्ड्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "हे लिवा तुमच्या कागदात. अन्याव."

जेवताना मी माझं सगळं मांडलं. शब्बाथ, संविधान, कामगारांचे हक्क. शमुवेलकाका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "रविवारी देवाला आमी लागतो का?"

"म्हणजे?"

"त्येला न्हाय लागत. मला लागतोय रविवार. हप्ताभर भट्टीसमोर उभा ऱ्हायलो, की माझंच बीड होतंय." (बीड म्हणजे ओतीव लोखंड.) "चर्चात जाऊन बसलो, चार गाणी म्हटली, की परत माणूस. म्हणून मी एक बी रविवार चुकवत न्हाय."

मी चमकले. रविवारी तर फाउंड्री चालू असते.

तेव्हा त्यांनी सांगितलं. रविवारी पहिली पाळी त्यांची, सात ते तीन. दुसरी मारुतीअण्णांची, तीन ते अकरा. दोघं अदलाबदल करतात. सकाळी मारुतीअण्णा भट्टीवर उभे राहतात आणि काका चर्चला जातात. दुपारी काका येतात आणि मारुतीअण्णा म्हाताऱ्या आईला घेऊन जोतिबाच्या डोंगरावर जातात. मुकादमाला माहीत आहे, कागदावर काही नाही.

"म्हणजे तुमची उपासना एका माणसाच्या मर्जीवर," मी म्हटलं.

"व्हय," काका म्हणाले. "अन् त्येचा जोतिबा माझ्या मर्जीवर."

मला हे उत्तर पटलं नाही. गुलाम असाच समाधानी असतो, असं काहीसं मनात आलं. खरं सांगते, अगदी हेच शब्द आले.

मग काकांनी दिवाणाखालून पोत्यात गुंडाळलेली एक लाकडी चकती काढून दाखवली. तव्याचा नमुना, वाळूत दाबून साचा करायचा. येत्या रविवारी चर्चमध्ये प्रथमफळांचा सण होता. शेतकरी आपल्या पिकातलं पहिलं फळ आणून वेदीपुढे ठेवतात, ते आपल्याकडेही असतं. पण इथल्या मंडळीत शेत असणारे थोडे. म्हणून ज्याच्या हातून जे तयार होतं, ते त्यानं स्वतः उचलून आणायचं अशी रीत पडलेली. काका दरवर्षी शेवटच्या ओतणीतलं उरलेलं बीड साच्यात घालून एक तवा करतात. वर्षातून एकदा मॅनेजर त्याला हो म्हणतात. यंदाचा तवा शुक्रवारी, पाळी बदलताना ओतायचा होता. "मागच्या साली ह्येंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जायाला मिळालं न्हाय," काकू म्हणाल्या. "त्याच्या आदल्या साली चर्चचं छप्पर उडालेलं, सणच झाला न्हाय. ह्या रविवारसाठी दोन साल थांबलाय बघा ह्यो माणूस."

काकांनी व्यवस्थापनाला द्यायच्या माझ्या निवेदनाच्या पहिल्या पानावर सही केली. "सुट्टी द्यावी, एवढंच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. एवढंच होतं. तेव्हा तरी.

शुक्रवारी सकाळी मी शाहूपुरीतल्या एका टायपिंगच्या दुकानात बसून दुसरं पान तयार केलं. पत्रक लिहायला शिकताना आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली असते: मोघम बोलू नका, उदाहरण नावानिशी द्या, मग समोरच्याला पळता येत नाही. मी नावानिशी दिलं. 'श्री. शमुवेल यांना गेली चार वर्षे आपल्या उपासनेसाठी सहकारी मारुती यांच्याशी चोरून पाळी बदलावी लागते, ही व्यवस्थापनासाठी लाजिरवाणी बाब आहे.' 'चोरून' या शब्दावर मी फार खूश होते. सही पहिल्या पानावर होतीच. दुसरं पान मागे टाचलं आणि फाउंड्रीच्या ऑफिसात देऊन माझ्या प्रतीवर पोच घेतली. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

शनिवारी तीनला पुन्हा फाटकाशी गेले, आणखी सह्या घ्यायला. शमुवेलकाका बाहेर आले. त्यांनी सलाम केला नाही.

"काय लिवलंस पोरी?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मॅनेजरनं आमा दोघास्नी बोलावलं. म्हणाले, आजवर मला ठाऊक नव्हतं म्हणून चाललं. आता कागद आलाय. उद्यापासून ज्येची पाळी त्येनंच करायची."

मी म्हटलं, हा तर सूड आहे, आपण निषेध करू.

"कुणाचा? तुझा करू?" मारुतीअण्णा मागे येऊन उभे होते. "चोरून म्हणं. वर्सं झाली बदली करतोय, कुणाचं काय चोरलं आमी? माझी म्हातारी उद्या डोंगरावर जाणार हुती. आता जाऊ दे तिला तुमच्या कागदावर बसून."

मी तशीच आत गेले. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, हे लिहायला मला आजही जड जातं. त्यानं चहा मागवला. मी अर्ज मागे घेते म्हटलं. तो म्हणाला, "ताई, तोंडानं चाललेलं तोंडानं थांबवता येतं. कागदानं थांबलेलं आता कागदानंच चालू होणार. उद्या एखाद्याला भट्टीवर काही झालं, आणि नोंद एकाची आणि माणूस दुसरा निघाला, तर? तुमच्या अर्जानं मला ते माहीत होतं हे सिद्ध केलंय." उद्याच्या एका दिवसापुरतं, म्हणून विनवलं. तो नाही म्हणाला.

काकांना रजा टाका म्हटलं. ते म्हणाले, उद्या ओतणी आहे, ऐनवेळी माणूस कमी पडला तर बाकीच्यांच्या पायावर तापलेल्या बिडाचा रस सांडतो. आणि सायकलवर बसून निघून गेले.

रविवारी सकाळी चर्चला जावं की पहिली बस पकडावी, याचा मी बराच वेळ विचार केला. गेले. पत्र्याचं छप्पर नवं होतं, भिंतींना निळा रंग. वेदीपुढच्या टेबलावर उसाची मोळी, गुळाची ढेप, भुईमुगाच्या शेंगा, पाय बांधलेली एक कोंबडी. कबनूरहून आलेल्या एका यंत्रमाग कामगारानं आपल्या मागावरचं पांढरं कापड आणलं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईनं फ्रॉक. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) एकेकाचं नाव घेत होते आणि जो तो आपलं उचलून पुढे जात होता. मार्थाकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण सरकून जागा दिली होती.

"तवा घरात न्हाय," त्या अचानक कुजबुजल्या. "पहाटे बघितलो तर गायब. कामावर नेला का काय, कळंना."

पाळकसाहेबांनी नाव घेतलं, "शमुवेल." कुणी उठलं नाही. काकू म्हणाल्या, "कामावर हायत." सगळ्या माना खाली गेल्या. मी माझ्या नखांकडे बघत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हाय, हाय. मी हाय."

दारात मारुतीअण्णा. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, चपला बाहेर काढून आलेले. कपाळावर गुलाल तसाच. हातात पोत्यात गुंडाळलेला तवा.

"शमुवेलची बदली," ते म्हणाले. "आज मला सकाळची सुट्टी हाय, कागदावर. तो पहाटे माझ्या दारात आला, हे हातात दिलं अन् गेला."

पुढच्या बाकावरचे एक वडील (मंडळीचे पंच) हळूच म्हणाले, "पण साहेब, रीत अशी आहे की ज्यानं केलं त्यानंच ठेवायचं. आणि हे तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी उठायच्या बेतात होते. भेदभावावर माझ्याकडे पाच मिनिटांचं भाषण कायम तयार असतं. काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

पाळकसाहेबांनी मारुतीअण्णांना विचारलं, "हा तवा कुणाच्या हातचा?"

अण्णांनी जरा विचार केला. "रस त्येनं ओतला. साच्यावर वजन मी धरलोतो. एकट्यानं ओतला तर साचा उचलतोय, साहेब. दोन माणसं लागत्यातच."

"मग अर्धा तुमच्या हातचा आहे. ठेवा."

त्यांनी ठेवला, आणि टेबलापुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं, देवळात लावतात तसं. फरशीवर गुलालाचा ठिपका उठला. मग ते येऊन शमुवेलकाकांच्या नेहमीच्या जागी, काकूंच्या पलीकडे बसले. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, त्यांना कळत नव्हतं. काकू कोपरानं ढोसत होत्या. शेवटच्या गाण्याला त्यांनी पुस्तक उलटं धरलं होतं आणि आवाज मात्र सगळ्यांत मोठा होता.

बाहेर आल्यावर मी त्यांची माफी मागितली. ते चपला घालत म्हणाले, "माफी ठेवा. तीनला माझी पाळी. म्हातारीला डोंगरावर कोण नेणार? मी तुमच्यात बसलो की सकाळभर. आता तुमी बदली करा."

माझ्या घरात देवळाच्या पायरीला पाय लावायचा नाही असंच शिकवलेलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आग्रह केला नाही, आणि त्यामुळेच मला नाही म्हणता आलं नाही.

चारच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. अण्णांची आई सत्तरीची, हातात नारळाची पिशवी. वाटेत त्यांनी मला तीनदा लग्नाचं विचारलं. डोंगरावर पोचल्यावर मी स्पष्ट सांगितलं, मी बाहेर थांबेन. "थांब की," आजी म्हणाल्या. "कुणीतरी चपला बघाया पायजेच. गेल्या खेपेला मारुत्याच्या चोरीला गेलत्या." आणि त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. आतून 'चांगभलं'चा गजर येत होता, वाऱ्यावर गुलाल उडत होता, आणि मी अंगठा तुटलेल्या दोन चपला धरून पायरीशी उभी होते. माझ्या विश्वासाला काय झालं? काही झालं नाही. मी तिथे उभी राहून शमुवेलकाकांसाठी प्रार्थना केली. ते त्या वेळी घरी होते, आठ तास भट्टीवर काढून, न गायलेल्या चार गाण्यांसकट. आजी बाहेर आल्या, तेव्हा पाठपिशवीतली उरलेली पत्रकं गुलाबी झाली होती.

सोमवारी सुट्टी. मी काकांच्या घरी गेले. मारुतीअण्णाही तिथेच होते, शेवग्याखाली चहा पीत. मी कोरा कागद काढला. मॅनेजरच्या भाषेत चार ओळी लिहिल्या: रविवारची पाळी आम्ही दोघे राजीखुशीने बदलू इच्छितो, नोंद बदललेल्या नावाने व्हावी. आधी मोठ्यानं वाचून दाखवल्या, दोनदा. मग दोघांनी सह्या केल्या. मंगळवारी ते देणार होते. मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. काकांनी निरोप देताना सलाम केला, तेवढं मात्र झालं.

पुण्यात बैठकीत विचारलं, कोल्हापूरहून किती सह्या आणल्यास? मी म्हटलं, दोन. त्याही तिथेच ठेवून आले. रविवारची मागणी मी सोडलेली नाही. जिथे बदलीला मारुतीअण्णा नाहीत, तिथे माणसानं काय करायचं, हा प्रश्न आहे तसाच आहे. पण तो विचारायची माझी पद्धत चुकली, हे मी त्या बैठकीत उभं राहून सांगितलं.

पुढच्या रविवारी साडेअकराला फोन वाजला. मागे मुलांचा गोंगाट आणि पेटीचा सूर.

"आत्ताच सुटली उपासना," शमुवेलकाका म्हणाले. "मॅनेजरनं सही केली. मारुती भट्टीवर हाय, तीनला मी जातो."

मग ते म्हणाले, "ते दुसरं पान ठेवलंयस का फाडलंस?"

"ठेवलंय."

"मग वाच की. मॅनेजरनं आमास्नी एक शब्द सांगितला, बाकी लांबनं दाखवलं."

मी वाचलं. सगळं, 'चोरून' आणि 'लाजिरवाणी'सकट.

"चार वर्सं कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले. "अकरा वर्सं झाली."

कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.